मागणीच्या नोंदीतील पेट्यांचा शोध: अचूक आणि लवकर कसा घ्यावा

(रत्नागिरी व देवगड परिसरातील आमच्या बागायतदार आणि विक्रेत्या ग्राहकांसाठी)

आपल्याला दिलेल्या प्रणालीत प्रत्येक मागणी ही मॉन्गोडीबी या डेटाबेसमधील (माहितीसाठ्यातील) एक स्वतंत्र नोंद असते आणि त्या मागणीतल्या सगळ्या पेट्या त्याच नोंदीच्या पोटात, ‘पेट्या’ नावाच्या यादीत ठेवलेल्या असतात. मागणी उघडताच पत्ता, पेट्या, दर आणि येणे रक्कम एकाच वाचनात हाती यावी, म्हणून आम्ही ही रचना निवडली. आतल्या यादीत शोध घेताना मात्र थोडी सावधगिरी लागते. ज्यांच्याकडे अहवाल काढणारा स्वतःचा माणूस आहे, त्यांनी हे पत्रक त्याच्या हाती अवश्य द्यावे.

समजा, एका मागणीत चार डझनी हापूसची एक पेटी आणि पाच डझनी पायरीची एक पेटी आहे. ‘पेट्या.जात’ हापूस आणि ‘पेट्या.डझन’ ५ अशा दोन सुट्या अटी घातल्या, तर ही मागणीही उत्तरात येते. कारण एक अट पहिल्या पेटीने पुरी केली आणि दुसरी अट दुसऱ्या पेटीने. पाच डझनी हापूस त्या मागणीत मुळी नाहीच. अशी यादी हातात घेऊन गाडी भरायला गेल्यावर काय होते, हे आपल्याला सांगायला नको. आमच्या पहिल्या आवृत्तीच्या अहवालात हीच चूक आमच्याकडून राहिली होती. दोन्ही अटी एकाच पेटीला लागू व्हायला हव्या असतील, तर त्या ‘एलेममॅच’च्या (सगळ्या अटी यादीतल्या एकाच घटकाला लावणाऱ्या आज्ञेच्या) आत एकत्र लिहाव्यात.

वेगाचा प्रश्नही इथेच येऊन मिळतो. यादीवर इंडेक्स (हवी ती नोंद चटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची) केला की यादीतल्या प्रत्येक पेटीची इंडेक्समध्ये वेगळी नोंद होते. जात आणि डझन यांचा संयुक्त इंडेक्स असला, तरी अटी सुट्या असतील तर त्यातली एकच अट इंडेक्सच्या आधारे चाळता येते आणि दुसरी प्रत्येक मागणी उघडून तपासावी लागते. ‘एलेममॅच’ वापरल्यास दोन्ही अटी इंडेक्सवरच लागतात. त्यातही नुसत्या जातीवर भिस्त ठेवू नये. भर हंगामात जवळजवळ प्रत्येक मागणी हापूसचीच असते, त्यामुळे त्या अटीने फारसे काही गाळले जात नाही. पाठवणीची तारीख आधी आणि पेटीची जात व डझन नंतर, असा इंडेक्स आमच्या मते सर्वांत उपयोगी पडतो.

एकाच नोंदीत ‘पेट्या’ आणि ‘हप्ते’ अशा दोन याद्या असतील, तर त्या दोन्हींचा मिळून एक संयुक्त इंडेक्स मॉन्गोडीबी स्वीकारत नाही. हप्त्यांसाठी वेगळा इंडेक्स करावा.

क्वेरी (म्हणजे शोधाची मागणी) खरोखर इंडेक्सवर चालते की नाही, हे तिला ‘एक्स्प्लेन’ (शोध कसा घेतला हे सांगणारी आज्ञा) जोडून पाहता येते. उत्तरात ‘कोलस्कॅन’ दिसले, तर सगळ्या मागण्या एकामागून एक वाचल्या गेल्या असे समजावे; ‘आयएक्सस्कॅन’ दिसले, तर इंडेक्स वापरला गेला. तेवढ्यावर थांबू नये. किती नोंदी तपासल्या आणि किती मिळाल्या, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. वीस मागण्या मिळवण्यासाठी चार हजार तपासल्या जात असतील, तर इंडेक्स आहे पण तो चुकीचा आहे. पडद्यावर फक्त नाव आणि येणे रक्कम दाखवायची असेल, तर तेवढीच फील्ड (नोंदीतले रकाने) मागवावीत.

एखाद्या घाऊक ग्राहकाच्या सगळ्या वर्षांच्या मागण्या त्याच्याच एका नोंदीत कोंबण्याचा मोह कृपया टाळावा. एका नोंदीची कमाल मर्यादा १६ एमबी आहे, आणि ती गाठण्याच्या कितीतरी आधीच मोठी नोंद वाचणे व बदलणे जड जाऊ लागते.

प्रत्येक नवी मागणी लिहिताना तिच्यावरचे सगळे इंडेक्सही भरावे लागतात. म्हणून नवा इंडेक्स अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर लावू नये. पाऊस सुरू होऊन मागण्या थंडावल्या की आम्हाला कळवावे, आम्ही आधी आपल्या माहितीच्या प्रतीवर तो चालवून पाहू आणि मगच मूळ ठिकाणी बसवू.