घरच्या नेटवर्कमधले घरभेदी

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट, स्पॉटिफाय अशी मोठमोठी संकेतस्थळं तासन्‌तास उघडेनाशी झाली. त्यांचे स्वतःचे सर्व्हर शाबूत होते. कोलमडली होती ती ‘डिन’ ही कंपनी. संकेतस्थळाचं नाव सांगितलं की त्याचा आकडी पत्ता शोधून देणं, म्हणजेच डीएनएसचं काम, ती या सगळ्यांसाठी करायची. तिच्यावर एकाच वेळी इतक्या विनंत्या आदळल्या की खऱ्या माणसांच्या विनंत्यांना वाटच उरली नाही. त्या पाठवणारी यंत्रं कुठली? लोकांच्या घरातले कॅमेरे, व्हिडिओ रेकॉर्डर आणि राऊटर.

‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने ती ताब्यात घेतली होती. त्याची युक्ती इतकी साधी की ऐकून हसू यावं. त्याच्याकडे नाव आणि पासवर्डच्या सुमारे साठ जोड्यांची यादी होती. ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’, ‘रूट-१२३४५’ असल्या. यंत्र कारखान्यातून निघताना त्यात जे पासवर्ड भरलेले असतात, तेच हे. इंटरनेटवर दिसेल त्या यंत्राचं दार वाजवायचं, यादीतल्या जोड्या लावून पाहायच्या, उघडलं तर आत शिरायचं. हा प्रोग्राम यंत्राच्या तात्पुरत्या मेमरीतच राहायचा, त्यामुळे यंत्र बंद करून चालू केलं की तो नाहीसा व्हायचा. पासवर्ड तोच असला तर मात्र थोड्याच वेळात पुन्हा हजर. मालकांना पत्ता लागला नाही, कारण कॅमेरा आपलं काम बिनबोभाट करतच होता.

घरच्या नेटवर्कची सुरक्षा म्हटलं की बाहेरून घुसू पाहणारा कुणी हॅकर डोळ्यांसमोर येतो. तो असतोच. पण मला जास्त घोर वाटतो तो आत आधीच येऊन बसलेल्या, आपणच हौसेनं आणलेल्या वस्तूंचा. घरगुती नेटवर्क एका समजुतीवर उभं असतं: जो आत आहे तो आपला. प्रिंटर लॅपटॉपला ओळखपत्र मागत नाही, टीव्ही फोनवर संशय घेत नाही. ही समजूत आली कुठून आणि ती कितपत टिकते, हे कळलं की राऊटरच्या सेटिंगमधले अर्धे पर्याय आपोआप उलगडतात.

कोपऱ्यात दिवे लुकलुकवणारा राऊटर हा एक छोटा संगणकच आहे. त्यात प्रोसेसर असतो, मेमरी असते आणि बहुतेक वेळा लिनक्सची एखादी छाटलेली आवृत्ती चालते. तो एकाच वेळी बरीच कामं करतो. वायफायच्या लहरी फेकतो, तारांनी जोडलेल्या यंत्रांमध्ये देवाणघेवाण घडवतो, नव्यानं आलेल्या प्रत्येक यंत्राला पत्ता वाटतो (हे डीएचसीपीचं काम), डीएनएसच्या विचारणा पुढे पाठवतो आणि आतल्या सगळ्यांच्या वतीनं बाहेरच्या जगाशी बोलतो. यातलं शेवटचं काम सर्वांत रंजक आहे.

१९८१ साली इंटरनेटच्या पत्त्यांची जी पद्धत ठरली तिला आयपीव्ही४ म्हणतात. त्यात पत्त्याला ३२ बिट (० किंवा १ अशा ३२ खुणा) दिले होते, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते. तेव्हा ते न संपणारे वाटले असणार. नव्वदच्या दशकात टंचाईची चाहूल लागली आणि १९९४ मध्ये ‘नॅट’ ही तोड मांडली गेली. तिच्यामुळे अख्ख्या घराला बाहेर एकच पत्ता पुरतो. आतल्या यंत्रांना खासगी पत्ते द्यायचे. १९९६ मध्ये असे तीन पट्टे कायमचे राखून ठेवले गेले आणि १९२.१६८ ने सुरू होणारे ओळखीचे पत्ते त्यांतल्याच एका पट्ट्यातले. तुमच्या फोननं एखादं पान मागितलं की राऊटर ती मागणी स्वतःच्या नावावर पुढे धाडतो, कुणी काय मागितलं याची नोंद एका तक्त्यात ठेवतो आणि उत्तर आलं की नोंद पाहून ते फोनकडे वळवतो. वसतिगृहाचा पत्ता एकच आणि खोल्या अनेक असाव्यात, तसं. कुणीही न मागवलेलं, खोलीचा क्रमांक नसलेलं टपाल आलं तर ते कुणाला द्यायचं? राऊटर ते टाकून देतो.

म्हणजे आपल्या घराभोवतीची ही तटबंदी टंचाईच्या पोटी उभी राहिली. ती सुरक्षेसाठी बांधलेलीच नव्हती, आणि तिच्या त्रुटी इथूनच सुरू होतात. आतल्या यंत्रानं स्वतःहून बाहेर संपर्क साधला तर नॅट त्याला अडवत नाही. अडवणं हे त्याचं कामच नाही. त्यावर कडी म्हणजे ‘यूपीएनपी’. या सोयीमुळे आतलं कोणतंही यंत्र राऊटरला सांगू शकतं, ‘माझ्यासाठी अमुक क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे आत येण्याचं क्रमांकित दार, बाहेरच्यांना उघडून दे.’ राऊटर सहसा पासवर्डही न विचारता ते उघडतो. व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांना हे सोयीचं पडतं. पण हीच सवलत स्वस्तातल्या कॅमेऱ्यालाही मिळते आणि कॅमेऱ्यात शिरलेल्या प्रोग्रामलाही. गरज नसेल तर यूपीएनपी बंद करून टाकावं. राऊटरचं सेटिंग पान इंटरनेटवरून उघडू देणारा ‘रिमोट मॅनेजमेंट’ हा पर्यायही बंदच असावा. घरात बसून राऊटर हाताळता येत असताना तो साऱ्या जगाला दाखवायचं कारण मला तरी सापडलेलं नाही.

नव्या आयपीव्ही६ मध्ये पत्ता १२८ बिटांचा आहे. टंचाईच संपल्यानं घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतंत्र, जगभर चालणारा पत्ता मिळू शकतो आणि नॅटची गरज उरत नाही. अर्थात त्याच्या आडोशानं मिळणारी फुकटची सुरक्षाही उरत नाही. तिथे राऊटरमधली खरी फायरवॉल, म्हणजे नको ती वाहतूक अडवणारी व्यवस्था, चालू असणं आवश्यक असतं. बहुतेक राऊटरमध्ये ती आधीपासून चालू असते, तरी सेटिंगमध्ये एकदा डोकावून खात्री केलेली बरी.

आता वायफाय. तार कापून मधूनच कान लावायला निदान घरात शिरावं लागतं. रेडिओलहरी भिंतीपलीकडे जातातच. म्हणून १९९७ मध्ये पहिल्या वायफाय मानकाबरोबर ‘वेप’ हे कुलूप आलं. त्यात प्रत्येक संदेशासाठी किल्लीला एक बदलता आकडा जोडला जायचा, तोही फक्त २४ बिटांचा. २४ बिटांत सुमारे १ कोटी ६७ लाख आकडे बसतात. ऐकायला पुष्कळ, पण आकडे यादृच्छिक निवडले तर साधारण ५ हजार संदेशांतच एखादा पुन्हा येण्याची शक्यता निम्म्यावर पोचते, आणि चालत्या नेटवर्कवर ५ हजार संदेश ही काही सेकंदांची बाब. २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी वेपनं वापरलेल्या आरसी४ या पद्धतीतली कमजोरी उघड केली आणि वेपचा कारभार आटोपला. २००४ पासूनच्या डब्ल्यूपीए२ या नव्या कुलपानं भक्कम एन्क्रिप्शन, म्हणजे संदेश सांकेतिक रूपात बदलण्याची पद्धत, आणलं. त्यातही २०१७ मध्ये माथी वानहूफ या संशोधकानं एक फट दाखवली. ती अपडेटनं बुजवता आली.

डब्ल्यूपीए२ ची रोजची दुबळी बाजू मात्र आपला पासवर्ड हीच आहे. फोन आणि राऊटर यांची जोडणी होताना चार संदेशांची देवाणघेवाण होते. ती ऐकून साठवून ठेवली की हल्लेखोर तुमच्या घराच्या आसपास राहायलाही बांधील नसतो. आपल्या संगणकावर तो एकेक पासवर्ड अजमावत बसतो. हे काम संथ व्हावं म्हणून दर पासवर्डावर ४०९६ वेळा गणिती प्रक्रिया करावी लागेल, अशी योजना केलेली आहे. तरीही एखादं ताकदवान ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाख पासवर्ड तपासू शकतं. या वेगानं हिशेब करून पाहा. आठ आकडी पासवर्डाचे सगळे मिळून १० कोटी पर्याय १०० सेकंदांत संपतात. पासवर्ड म्हणून दहा आकडी फोन नंबर ठेवला असेल, तर तीन तासांच्या आत. याउलट ७,७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून काढलेले चार शब्द घ्या. (हा विचित्र आकडा का? पाच फाशांचे ६ × ६ × ६ × ६ × ६ असे बरोबर तेवढेच डाव होतात.) सगळे पर्याय तपासायला त्याच कार्डाला शंभरहून जास्त वर्षं लागतील, पाचवा शब्द जोडला तर काही लाख वर्षं. शब्द स्वतःच्या मनानं निवडू नयेत, हे महत्त्वाचं. माणसाला वाटतं आपण काहीही उचलतो, पण आपण जवळच्यांची नावं, देव, आवडते खेळाडू यांच्याभोवतीच फिरत असतो.

नेटवर्कचं नावही या गणितात मिसळलं जातं. त्यामुळे कंपनीनं दिलेलं सर्रास आढळणारं नाव तसंच ठेवलं, तर त्या नावासाठी आधीच गणित करून ठेवलेले तक्ते हल्लेखोराच्या कामी येतात. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ मध्ये हे घरी बसून अजमावणंच बाद होतं. प्रत्येक प्रयत्नासाठी राऊटरशी बोलावं लागतं. सगळी यंत्रं चालत असतील तर तेच निवडावं. जुनी असतील तर डब्ल्यूपीए२ आणि ३ यांचा मिश्र पर्याय असतो.

डब्ल्यूपीएसचा, म्हणजे यंत्र वायफायला झटपट जोडण्याच्या सोयीचा, किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. लांब पासवर्ड टाईप करायचा त्रास नको म्हणून आठ आकडी पिनची सोय केली गेली. आठ आकडे म्हणजे १० कोटी शक्यता. पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, म्हणजे राहिल्या १ कोटी. त्यातही राऊटर पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो आणि पहिला चुकला की लगेच तसं कळवतो! मग पहिल्या चार आकड्यांसाठी १० हजार प्रयत्न आणि उरलेल्या तिघांसाठी १ हजार. १० कोटींचे ११ हजार झाले. २०११ च्या अखेरीस ही गोष्ट जाहीर झाली. पिनचा पर्याय बंद करावा, इतकंच सांगणं पुरे.

नेटवर्कचं नाव लपवणं आणि ठरावीक यंत्रांच्या मॅक पत्त्यांनाच (यंत्राच्या नेटवर्क भागाला दिलेल्या ओळख-क्रमांकांनाच) प्रवेश देणं, हे दोन उपाय फार सांगितले जातात. दोन्ही जवळजवळ निरुपयोगी आहेत. नाव आणि मॅक पत्ता हवेतून उघडेच जातात, आणि मॅक पत्ता बदलणं चुटकीसरशी जमतं.

राऊटर कुठे ठेवायचा? घराच्या मध्यावर, थोडा उंच; धातूचं कपाट, आरसा आणि माशांची टाकी टाळून. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब पोचतो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन: १, ६ आणि ११. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गुणगुणतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आणि मोकळा, मात्र भिंतींपुढे लवकर थकतो. टीव्ही किंवा डेस्कटॉपसारखी जागची न हलणारी यंत्रं तारेनं जोडावीत. हवेतली गर्दी कमी होते.

आणि मग ते घरभेदी. त्यांच्यावरचा सर्वांत सोपा उपाय बहुतेक राऊटरमध्ये असतोच: गेस्ट नेटवर्क. नाव पाहुण्यांचं असलं तरी खरा उपयोग कॅमेरे, बल्ब, टीव्ही, बोलके स्पीकर यांना वेगळं बसवण्यासाठी आहे. तिथलं यंत्र इंटरनेटवर जाऊ शकतं, पण मुख्य नेटवर्कवरच्या लॅपटॉपला हात लावू शकत नाही. बल्बला तुमचे आयकराचे कागद दिसायचं काय अडलं आहे? थोडी गैरसोय होते. फोनवरून टीव्हीवर व्हिडिओ पाठवणं अडेल, प्रिंटर सापडणार नाही. मी प्रिंटर मुख्य नेटवर्कवर आणि टीव्ही पलीकडे, अशी वाटणी करेन.

खुद्द राऊटरच फितूर झाला तर मात्र ही वाटणीही कुचकामी ठरते. डीएनएस-चेंजर या प्रोग्रामनं संगणकांवरच्या आणि राऊटरवरच्या डीएनएसच्या सेटिंग बदलून लोकांना भलत्याच पानांवर नेलं. त्याची टोळी २०११ मध्ये पकडली गेली. मे २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ उघडकीला आला. तो ५४ देशांतल्या किमान ५ लाख राऊटर आणि साठवण यंत्रांत शिरला होता, आणि त्याचा पहिला टप्पा यंत्र बंद करून चालू केलं तरी टिकून राहायचा. म्हणून राऊटरच्या सेटिंग पानाचा पासवर्ड बदलायचा, तोही वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवायचा, आणि फर्मवेअरचे, म्हणजे राऊटर चालवणाऱ्या आतल्या प्रोग्रामचे, अपडेट आपोआप येऊ द्यायचे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या नगांना एकच सोपा पासवर्ड देऊन अशी उपकरणं विकायला कायद्यानं बंदी आहे. विक्रेत्यानं किती काळ सुरक्षेचे अपडेट देणार हेही तिथे सांगावं लागतं. नवा राऊटर घेताना वेगाच्या आकड्यांआधी हीच मुदत पाहावी.

मुदत संपलेला राऊटर धडधाकट चालत असला तरी त्यात सापडलेली फट आता कुणी बुजवणार नसतं. तो बदलावा. जुना कुणाला देण्यापूर्वी त्याच्या मागचं रीसेटचं बारीक बटण टाचणीनं काही सेकंद दाबून धरावं, कारण त्याच्या मेमरीत तुमच्या वायफायचा आणि कधीकधी इंटरनेट जोडणीचाही पासवर्ड असतो.