वजन वाढलं, पण कशाचं?

"लेकरू बारीकच दिसते, काही टॉनिक द्या ना." नागपुरातल्या बालरोगतज्ज्ञांना तीन-चार वर्षांच्या मुलांच्या आया हे रोज ऐकवतात. काळजी खरी असते, पण या वयात मूल सडपातळ होणं बहुतेक वेळा ठरल्याप्रमाणेच घडत असतं. पहिल्या वर्षात आलेलं बाळसं उतरतं, बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) घसरत जातो, 5-6 वर्षांच्या सुमारास तळाला टेकतो आणि मग पुन्हा चढतो. ही चढण पाचव्या वर्षाच्या बरीच आधी सुरू झाली, तर पुढे लठ्ठपणाचा धोका वाढतो. म्हणून चार वर्षांचं मूल गुबगुबीत होत चाललंय याचा आनंद मानण्याआधी वाढलेलं वजन कशाचं आहे ते पाहावं.

आपल्याकडे हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा आहे. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधक गटाने दाखवलं की तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, तर इंग्लंडमधल्या बाळांचं 3.5 किलो. पण ही तूट मुख्यतः स्नायूंची होती, चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे हातपाय काडीसारखे असूनही अंगात चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे 35 टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आढळली. अशा मुलाचं नुसतं वजन वाढवत नेलं आणि उंची मागेच राहिली, तर भर चरबीचीच पडते.

त्यामुळे वजनासोबत उंची हवीच, आणि तीही नीट मोजलेली. अनवाणी, टाच-कुल्ले-डोकं भिंतीला टेकवून, नजर समोर, वेणी सोडून, डोक्यावर पुठ्ठा काटकोनात धरून मोजा. 14 किलोच्या मुलाची उंची 96 सेंमी असेल तर बीएमआय 15.2 येतो. पाय वाकल्यामुळे 95 मोजली गेली, तर तोच 15.5 होतो. एका सेंटीमीटरच्या चुकीने मूल उगाच जाड ठरू लागतं. 'फॅट टक्के' दाखवणाऱ्या घरगुती काट्यावर लहान मुलांना उभं करूच नका. हे काटे शरीरातल्या पाण्यावरून चरबीचा अंदाज बांधतात, आणि त्यांची सूत्रं मोठ्यांसाठी केलेली असतात. प्रौढांच्या चरबीविरहित शरीरात पाणी सुमारे 73 टक्के असतं, या वयाच्या मुलांत ते जास्त असतं, त्यामुळे आकडा चुकतो.

स्नायू आणि हाडं भार पडल्यावर घडतात, म्हणून चढणं, लोंबकळणं, उड्या मारणं याला पर्याय नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला 3-4 वर्षांच्या मुलांसाठी असा: दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल, त्यातली 60 मिनिटं धाप लागेल अशी, पडद्यासमोर एका तासाहून जास्त नको, झोप 10 ते 13 तास. तीन तास ऐकून दडपून जाऊ नका. मुलं सेकंदा-सेकंदांच्या झटक्यांनी खेळतात, पळतात, थांबतात, पुन्हा पळतात, आणि ते सगळं मोजायचं असतं. नागपूरच्या मे महिन्यात मात्र वेळ पाळावीच लागते: सकाळी आठच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर. दुपारी तापलेली लोखंडी घसरगुंडी चटका देते. दुपारी कूलरच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून कोलांट्या, बेडूकउड्या, उशांवरून चढणं-उतरणं चालतं. मोबाइल हातात देऊन बसवलं की तो तास गेलाच.

आता ताट. 4 ते 6 वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 16 ग्रॅम प्रथिनं पुरतात. एका अंड्यात 6 ग्रॅम, कपभर दुधात 7-8, कोरड्या मापाने 25 ग्रॅम तूरडाळीत 5-6 ग्रॅम. हे सगळं घरात असतं, डब्यातल्या पावडरीची गरज नसते. चूक होते ती वरणात: मुलाला वरचं पाणी देतात आणि डाळ भांड्याच्या तळाशी राहते. प्रथिनं डाळीत असतात, पाण्यात नाही. वरण घट्टच हवं, भातावर किंवा भाकर कुस्करून. शेंगदाणे, फुटाणे या वयात अख्खे देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकतात. कूट करून भाजीत घाला.

दुसरी चूक दुधाची. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध प्यायलेलं मूल जेवत नाही, आणि दुधात लोह नगण्य असतं. आपल्या राज्यातली दोनतृतीयांशाहून अधिक लहान मुलं रक्तक्षयी आहेत, आणि रक्त कमी असलेलं मूल खेळताना लवकर थकतं. पालक-डाळीच्या जेवणासोबत संत्र्याच्या चार फोडी दिल्या तर लोह चांगलं शोषलं जातं, चहा दिला तर उलट. संत्र्याचा रस काढू नका, फोडीच खाऊ द्या. वरून घातलेली साखर दिवसभरात 4 चमच्यांच्या आत ठेवा. दुधातली दोन चमचे साखर आणि तीन-चार बिस्किटं झाली की ही मर्यादा जवळपास गाठलेली असते.

दर महिन्याला एकाच काट्यावर वजन आणि दर तीन महिन्यांनी उंची तक्त्यावर लिहा. या वयात वर्षाला साधारण 2 किलो आणि 6-7 सेंमी वाढ होते. तीन महिने वजन हललंच नाही, किंवा पाच वर्षांखालच्या मुलाच्या डाव्या दंडाचा मधला घेर 12.5 सेंमीपेक्षा कमी भरला, तर अंगणवाडीत किंवा डॉक्टरांना दाखवा. 11.5 सेंमीपेक्षा कमी असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.