मतदार यादीतून नाव जातं कसं, थोडी पार्श्वभूमी

मतदार यादीवरून जो गदारोळ चाललाय त्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले जातात. एक म्हणजे यादीत नको ती नावं असणं, दुबार, मयत, बोगस वगैरे. दुसरा म्हणजे असायला हवं ते नाव नसणं. पहिल्यावर मोर्चे निघतात, दुसऱ्यात माणूस मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर एकटाच भांडत बसतो. खाली मुख्यतः दुसऱ्याबद्दल लिहिलंय.

जुना इतिहास पटकन उरकतो. पहिल्या निवडणुकीची यादी सरकारी माणसांनी दारोदार फिरून केली, तेव्हा बऱ्याच बायकांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच सांगितलं आणि अशा नोंदी ठेवायच्या नाहीत असं ठरल्यावर साधारण २८ लाख बायका यादीबाहेर गेल्या. निर्णय कडक होता, पण यादी करणं हे सरकारचं काम, हे तेव्हा कुणी नाकारत नव्हतं. पुढे १९८९ पासून वय २१ वरून १८ झालं, १९९३ ला फोटोवालं कार्ड आलं आणि तिथून एक गैरसमज पक्का बसला की कार्ड आहे म्हणजे मत आहे. कायदा तसं म्हणत नाही, यादीत नाव नसेल तर मत नाही. २०१४ ला पुण्या-मुंबईत कित्येक लोक खिशात कार्ड घेऊन गेले, आधी अनेकदा मतदान केलेलं, आणि तरी हात हलवत परत आले.

आता नाव काढायचं कसं याचे नियम तसे बरे आहेत. १९९५ ला सुप्रीम कोर्टासमोर मुंबई-दिल्लीतल्या काही वस्त्यांचं प्रकरण होतं, परदेशी असल्याच्या संशयावरून लोकांकडे नागरिकत्वाचे पुरावे मागितले होते. कोर्ट म्हणालं की आधीपासून यादीत असलेल्या नावाला वजन आहे, संशयाचं कारण सांगा, नोटीस द्या, म्हणणं ऐका, मगच काय ते ठरवा. म्हणजे सरसकट ‘सिद्ध करा नाहीतर बाहेर’ चालणार नाही.

फॉर्म ७ ची वाट मात्र उघडी राहिली. त्याच मतदारसंघातला कुठलाही मतदार दुसऱ्याच्या नावावर हरकत घेऊ शकतो, आणि हे ऑनलाइन झाल्यावर काय होऊ शकतं ते कर्नाटकात आळंदला दिसलं. २०२३ च्या विधानसभेआधी तिथे नावं वगळण्यासाठी ६,०१८ अर्ज आले, तपासल्यावर त्यातले फक्त २४ खरे निघाले. ज्यांच्या नावानं अर्ज होते त्यातल्या अनेकांना पत्ताच नव्हता. प्रत्यक्ष तपासणी झाली म्हणून बाकीची नावं वाचली, नाहीतर कुणाला कळलं असतं?

पण खरा घोळ २०२५ च्या बिहारमधला आहे, त्यावर जरा थांबतो, कारण तिथे ‘वगळणं’ या शब्दालाच बगल दिली गेली. जूनच्या शेवटी केंद्रीय निवडणूक आयोगानं विशेष सखोल पुनरीक्षण (SIR), म्हणजे यादी नव्यानं तपासून करणं, जाहीर केलं, ७.८९ कोटी मतदारांनी एका महिन्यात फॉर्म भरून द्यायचा, ज्यांचं नाव २००३ च्या यादीत आहे ते कागद दाखवण्यातून सुटले, बाकीच्यांनी ११ कागदांपैकी काहीतरी दाखवायचं, आणि त्या ११ मध्ये आधार नाही! १ ऑगस्टला ड्राफ्ट यादी आली ती ७.२४ कोटींची. राहिलेले ६५ लाख? मयत साधारण २२ लाख, स्थलांतरित किंवा न सापडलेले ३६ लाख, दोन ठिकाणी नोंद असलेले ७ लाख, असं सांगितलं गेलं. आणि आयोगाचं म्हणणं असं की ही नावं वगळलेली नाहीत, ड्राफ्टमध्ये समाविष्ट झालेली नाहीत, त्यामुळे त्यांची वेगळी यादी, कारणांसकट, देणं नियमात बसत नाही. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबरही असेल, यादी नव्यानं करताय तर जुनीतून काढलं असं कसं म्हणणार. पण याचा अर्थ असा की नाव काढण्याआधीची नोटीस आणि सुनावणी लागूच होत नाही आणि २०२४ ला लोकसभेला मत दिलेल्या माणसानं आता नवीन मतदारासारखं दावा करत यायचं. १९९५ ला जे ओझं यंत्रणेवर होतं ते गुपचूप मतदाराच्या डोक्यावर आलं, निदान मला तरी तसंच दिसतं.

१४ ऑगस्टला कोर्टानं ती ६५ लाखांची यादी कारणांसकट जाहीर करायला लावली, ८ सप्टेंबरला ओळखीसाठी आधार बारावा कागद म्हणून घ्यायला लावलं. ३० सप्टेंबरची अंतिम यादी ७.४२ कोटींवर आली, ड्राफ्टनंतर २१ लाखांवर नावं जोडली गेली आणि काही लाख वगळलीही गेली. त्यात नवे किती आणि परत आलेले किती हा हिशोब लावत बसावं लागतं. मग ऑक्टोबरअखेर हेच पुनरीक्षण आणखी १२ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत जाहीर झालं, त्या टप्प्यात महाराष्ट्र नव्हता.

आपल्याकडे गाडी वेगळ्याच ठिकाणी अडकली. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो पण यादी विधानसभेचीच वापरतो, फक्त प्रभागवार फोडतो, आणि नाव घालणं-काढणं आमच्या हातात नाही म्हणतो. त्यामुळे दुबार वाटणाऱ्या नावांपुढे दोन स्टार मारायचे आणि केंद्रावर ‘दुसरीकडे मत देणार नाही’ असं हमीपत्र घ्यायचं एवढाच उपाय निघाला. फोडताना नाव शेजारच्या प्रभागात गेलं की तो तिसराच प्रकार, त्याची हरकत प्रारूप यादीवरच घ्यावी लागते.

विधानसभा-लोकसभेसाठी नाव अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत यादीत येऊ शकतं, पण हरकतींसाठी मध्ये काही दिवस जातात, त्यामुळे फॉर्म ६, म्हणजे नाव नोंदवायचा अर्ज, साधारण दहा दिवस आधी गेलेला बरा. नोंदणी अधिकाऱ्यानं नाव काढल्यास १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, तिथे नाही जमलं तर पुढे ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. दिवस आदेशाच्या तारखेपासून मोजतात, उशीर झाला तर कारण पटवून द्यावं लागतं.