पायातली गुठळी काढताना फुप्फुसाची काळजी: पार्श्वभूमी

पायाच्या खोल शिरेतली गुठळी काढायला घेतली की मोठी धास्ती असते ती तुकडा निसटण्याची. तो हृदयातून फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकला, तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. फुप्फुसातल्या अशा गुठळ्यांचं मूळ पायात असतं, हे जर्मनीच्या रुडॉल्फ फिरशो यांनी १८४०च्या दशकात मांडलं.

पुढे वाटच बंद करण्याचा उपाय आला. पोटातली मोठी शीर, इन्फिरिअर व्हेना कावा, बांधून टाकायची. त्यात शस्त्रक्रिया मोठी, आणि रुग्ण वाचला तरी पाय कायमचे सुजलेले.

१९६३ साली थॉमस फोगार्टी यांचा फुग्याचा कॅथेटर आला, म्हणजे गुठळी ओढून काढणारी, टोकाला फुगा असलेली बारीक नळी. तो आधी धमन्यांसाठी होता, लवकरच शिरांसाठीही वापरात आला. फुगा ओढताना भूलतज्ज्ञ छातीतला हवेचा दाब वाढवून धरतात. त्यामुळे वर जाणारं रक्त मंदावतं आणि सुटलेला तुकडा मांडीतल्या छेदाकडेच येतो. या कामाचं श्रेय भूलतज्ज्ञांना क्वचितच मिळतं.

पोटातल्या त्याच मोठ्या शिरेत गुठळी अडवण्यासाठी बसवायची मोबिन-उद्दिन यांची भोकांची छत्री १९६७ची. ती मानेच्या शिरेतून बसवता येई, पण अनेकांत शीर शेवटी बंदच पडे. तोडगा निघाला ओक्लाहोमात. सर्जन लाझर ग्रीनफिल्ड आणि तेल उद्योगातले अभियंते गार्मन किमेल यांनी १९७३ मध्ये तारांचा शंकू, म्हणजे गुठळी अडवणारा फिल्टर, मांडला. गुठळी टोकाशी, मधोमध साठते आणि रक्त कडेनं वाहत राहतं. शंकूची ७० टक्के उंची भरली तरी शिरेची निम्मी वाट मोकळी! इतकी साधी भूमिती, पण तिनं असंख्य जीव वाचवले असं मला वाटतं.

मग फिल्टर सर्रास बसू लागले. १९९८ साली फ्रान्समधल्या ४०० रुग्णांच्या चाचणीनं भानावर आणलं. सगळ्यांना रक्त पातळ करणारी औषधं होतीच. पहिल्या १२ दिवसांत फुप्फुसातल्या गुठळ्या फिल्टरमुळे ४.८ वरून १.१ टक्क्यांवर आल्या, पण दोन वर्षांत पायात पुन्हा गुठळी होण्याचं प्रमाण ११.६ ऐवजी २०.८ टक्के निघालं. मृत्यूंत फरक नव्हता.

गुठळी काढण्यापुरता फिल्टर लावावा का, हे २०१२च्या १४१ रुग्णांच्या अभ्यासानं तपासलं. फुप्फुसातल्या गुठळ्या ११.३ टक्क्यांऐवजी १.४ टक्के रुग्णांत दिसल्या, मृत्यूदर मात्र तोच. त्यामुळे आज हेपारिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू ठेवून प्रक्रिया होते आणि फिल्टर निवडक रुग्णांनाच लावतात. काढता येणारे अनेक फिल्टर मात्र शरीरातच राहून जातात. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध आणि वैद्यकीय उपकरण नियामक संस्थेनं, २०१० मध्ये त्याबद्दल सावध केलं आणि २०१४ मध्ये धोका टळला असेल तर २९ ते ५४ दिवसांत फिल्टर काढणं हिताचं ठरतं असं सांगितलं. बसवतानाच काढण्याची तारीख रुग्णाच्या फाइलवर लिहिली गेली पाहिजे.