गवती चहाचे तेल

गवती चहाच्या पात्यांपासून वाफेच्या ऊर्ध्वपातनाने मिळणारे बाष्पनशील तेल. व्यापारात या एका नावाखाली दोन वेगळ्या जातींची तेले येतात. महाराष्ट्रात परसदारी, बहुधा मोरीच्या पाण्यावर वाढणारी आणि क्वचितच फुलणारी जाती म्हणजे सिंबोपोगॉन सिट्रेटस; तिच्या तेलाला ‘वेस्ट इंडियन’ म्हणतात. ही वनस्पती मूळची आशियातलीच असल्यामुळे ते नाव फसवे आहे. केरळात तेलासाठी लावली जाते ती सिंबोपोगॉन फ्लेक्सुओसस. तिचे तेल ‘ईस्ट इंडियन’ किंवा निर्यातीच्या बंदरावरून ‘कोचीन’ तेल म्हणून ओळखले जाते. डासांसाठी वापरले जाणारे सिट्रोनेला तेल याच प्रजातीतल्या दुसऱ्या जातींचे असून त्यातील मुख्य घटक निराळे आहेत; बाजारात मात्र दोन्हींची सर्रास गल्लत होते.

तुळशीच्या किंवा पुदिन्याच्या पानावर नुसता हात फिरवला तरी वास येतो, कारण त्यांच्या तैलग्रंथी पृष्ठभागावर असतात. गवती चहाचे पाते मात्र बोट कापेल इतके धारदार असूनही चुरगळल्याशिवाय फारसे दरवळत नाही. त्याचे तेल पात्याच्या आतल्या ऊतीत, विखुरलेल्या एकेकट्या तैलपेशींमध्ये साठलेले असते. चहाच्या आधणात टाकण्यापूर्वी पात कात्रीने बारीक कापण्याची घरगुती रीत त्यामुळेच योग्य ठरते. ताज्या पात्यांतून साधारणपणे ०.२ ते ०.५ टक्के तेल निघते. ते पिवळसर, पाण्याहून हलके आणि लिंबाच्या सालीची आठवण करून देणाऱ्या वासाचे असते.

हा वास सिट्रालचा. सिट्राल हा एकच रेणू नसून जिरानियाल आणि नेराल या दोन समघटक (अणू तेच, पण त्यांची मांडणी वेगळी असलेल्या) अल्डिहाइडांचे मिश्रण आहे, आणि चांगल्या तेलात त्याचे प्रमाण बहुधा ६५ ते ८५ टक्के असते. बाकीच्यात जिरानिऑल, जिरानिल अ‍ॅसिटेट, लिमोनीन आणि मिर्सीन आढळतात. यांपैकी मिर्सीन व्यापाराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे: वेस्ट इंडियन तेलात ते बरेच जास्त असते, साठवणीत त्याचे बहुवारिकीभवन होते (लहान रेणू जोडले जाऊन मोठे रेणू बनतात) आणि तेल अल्कोहोलात नीट विरघळेनासे होते. म्हणून अत्तरवाल्यांची पसंती कोचीन तेलाला. सिट्रालपासून आयोनोन हे व्हायोलेट फुलांच्या वासाचे संयुग करता येते, हे टीमान आणि क्र्यूगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८९३ मध्ये दाखवले. पुढे बीटा-आयोनोनपासून अ जीवनसत्त्वाचे संश्लेषण होऊ लागल्यावर या तेलाची गरज अत्तरापुरती राहिली नाही. संश्लेषित सिट्राल आल्यावर मात्र त्याचे ते स्थान डळमळले.

तेलाची जैविक क्रियाही मुख्यतः सिट्रालचीच आहे. प्रयोगशाळेत ते कॅन्डिडा, अ‍ॅस्परजिलस आणि गजकर्णासारखे त्वचारोग करणाऱ्या कवकांची वाढ रोखते. सिट्राल पेशीच्या पटलाला इजा करते, आणि अल्डिहाइड असल्याने प्रथिनांशीही त्याची विक्रिया होऊ शकते. जीवाणूंमध्ये ग्रॅम-पॉझिटिव्ह (ग्रॅमच्या रंगचाचणीत जांभळा रंग धरून ठेवणाऱ्या) गटावर ते अधिक प्रभावी ठरते. ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंचे बाह्य पटल त्याला बऱ्याच अंशी अडवते. हे निष्कर्ष संवर्धनपात्रातले आहेत, आणि ते थेट कपातल्या चहाला लावणे चूक आहे: तेल पाण्यात जेमतेम विरघळते आणि उकळताना त्यातले बरेचसे वाफेबरोबर निघून जाते. ब्राझीलमध्ये गवती चहाचा काढा मन शांत करणारा आणि झोप आणणारा मानला जातो, पण तेथे माणसांवर झालेल्या आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तसा परिणाम दिसला नाही. शुद्ध तेल त्वचेवर थेट लावू नये. सिट्रालची अनेकांना अ‍ॅलर्जी होते, आणि युरोपीय संघात प्रसाधनांच्या वेष्टनावर ठरावीक प्रमाणापुढे त्याचा उल्लेख सक्तीचा आहे.

मधमाश्यांना मात्र या वासाचे आकर्षण असते. कामकरी माशी पोटाच्या टोकाजवळच्या नासोनोव्ह ग्रंथीतून सोबतिणींना बोलावणारा जो गंध सोडते, त्यात जिरानिऑलबरोबर सिट्रालही असते. म्हणूनच मधमाशीपालक फुटून निघालेला थवा यावा यासाठी रिकाम्या पेटीत या तेलाचे एकदोन थेंब लावून ठेवतात.