पाँपेई की हर्क्युलेनियम? नेपल्सला जहाज लागतं तेव्हा

भूमध्य समुद्रातल्या क्रूझमध्ये नेपल्सचा थांबा असला की ओळखीचं कुणी ना कुणी विचारतंच, "पाँपेईला जायचं की हर्क्युलेनियमला? दोन्ही एकच ना?" गोंधळ साहजिक आहे. दोन्ही रोमन गावं इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस या ज्वालामुखीनेच गाडली, आणि दोन्हीकडे नेणारी गाडीही एकच. पण मी पहिल्या खेपेला पाँपेई पाहिलं, दुसऱ्या खेपेला आईला घेऊन हर्क्युलेनियमला गेले, आणि एक बघितलं म्हणजे दुसरं बघितलं असं मला कधीच म्हणता येणार नाही. जहाजाची टूर न घेता स्वतःच फिरणार असाल आणि हातात सहा-सात तासच असतील, तर यातलं एकच नीट बघून होतं. म्हणून फरक आधी कळलेला बरा.

ज्वालामुखी फुटला तेव्हा वारा आग्नेयेकडे वाहत होता. सगळा फरक इथून सुरू होतो. पाँपेई डोंगराच्या आग्नेयेला, साधारण दहा किलोमीटरवर. टाच घासायला वापरतात तसला हलका, भोकाभोकांचा दगड तिथे तासन् तास पडत राहिला आणि त्याच्या भाराने छपरं खचली. हर्क्युलेनियम पश्चिमेला, डोंगराच्या जास्त जवळ, तरीही पहिल्या दिवशी तिथे राखेचा पातळ थरच पडला. मग रात्री आकाशात चढलेला तो राखेचा खांब कोसळला आणि तापलेल्या वायूचा, राखेचा लोट उतारावरून सुसाट खाली आला. तो आधी हर्क्युलेनियमवर आदळला. पाँपेईपर्यंत असा लोट दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला.

त्यामुळे पाँपेईवर चार ते सहा मीटरचा, बऱ्यापैकी भुसभुशीत थर बसला, तर हर्क्युलेनियमवर वीसेक मीटरचा, आणि तो पुढे दगडासारखा घट्ट झाला. पाँपेई खणणं सोपं होतं. १७४८ पासून खणत खणत आज १६० एकरांहून मोठ्या त्या शहराचा दोन तृतीयांश भाग उघडा आहे. हर्क्युलेनियमचं काम त्याआधी, १७३८ मध्येच सुरू झालं होतं, पण भुयारं पाडून. पुतळे, संगमरवर बाहेर काढायचं आणि पुढे सरकायचं. आज तिथला जेमतेम दहा-अकरा एकर भाग मोकळा आहे. उरलेलं गाव एर्कोलानो या आजच्या गावाखाली आहे. खाली रोमन रस्त्यावर उभं राहून मान वर केली की कडेच्या इमारतींच्या गॅलरीत वाळत घातलेल्या चादरी दिसतात.

पाँपेईत शहर दिसतं. फोरमचं, म्हणजे शहराच्या मुख्य चौकाचं, मोठं पटांगण आणि त्यामागे सरळ उभा व्हेसुव्हियस. रस्त्याच्या दगडांत चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या. एका पदपथावरून दुसऱ्यावर पाय न भिजवता जाता यावं म्हणून रस्त्यात मांडलेले उंच दगड, आणि त्यांच्यामधून गाडीची चाकं जातील एवढ्या फटी. पार टोकाला इ.स.पूर्व ७० च्या सुमाराचं अँफीथिएटर, दगडी रोमन अँफीथिएटरांमधलं आज टिकून असलेलं सगळ्यात जुनं. हा विस्तार थक्क करतो आणि दमवतोही. सावली कमी, दगड ओबडधोबड. जुलै-ऑगस्टच्या दुपारी तिथे गुडघ्याचं दुखणं असलेल्या माणसाला नेऊ नये.

हर्क्युलेनियममध्ये मात्र घर दिसतं, कारण तिथे लाकूड टिकलं आहे. आपल्याकडे कोळशाची भट्टी लावतात तेव्हा लाकडं मातीने झाकून टाकतात. हवा मिळत नाही, म्हणून लाकडाची राख न होता कोळसा होतो. हर्क्युलेनियमचं तेच झालं. तुळया, दारं, जिने, पलंग, एक पाळणासुद्धा काळाठिक्कर होऊन उरला. काही घरांचे वरचे मजले शाबूत आहेत. पाँपेईत ते फार थोड्या ठिकाणी दिसतात.

तिथली एक गोष्ट मी बराच वेळ बघत उभी होते. एका घराच्या दिवाणखान्याला घडीचा लाकडी आडोसा आहे, आपल्या जुन्या वाड्यांतल्या घडीच्या दारासारखा. आता तो काचेमागे असतो. लाकूड कोळशाच्या रंगाचं, पण त्यावरच्या चौकटी रेखीव, आणि दिवे ठेवायला लावलेले कांस्याचे आधार अजून जागच्या जागी. मधला भाग मात्र नाही. अठराव्या शतकातल्या भुयारवाल्यांनी तो तोडला. आई म्हणाली, "पाहुणे आले की हे ओढून घेत असतील." दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांबद्दल इतकं घरगुती बोलणं पाँपेईत मला कधी सुचलं नव्हतं.

आणखी एक गल्लत नेहमी होते. त्या प्रसिद्ध, आखडून पडलेल्या मानवी आकृती पाँपेईच्या. ती दगड झालेली माणसं नव्हेत. राख घट्ट झाली, आत देह कुजून गेला, पोकळी राहिली, आणि १८६३ पासून ज्युसेप्पे फिओरेल्ली या उत्खननप्रमुखाने त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून आकृती काढायला सुरुवात केली. हर्क्युलेनियममध्ये अशा आकृती नाहीत, सांगाडे आहेत. समुद्राकाठच्या होड्या ठेवायच्या कमानींत सुमारे तीनशे माणसं सापडली. १९८० च्या आधी इतके सांगाडे मिळाले नव्हते, म्हणून गावकरी सुटले असावेत असंच मानलं जात होतं. त्या कमानींसमोर लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर आधी विचार करा.

आता जाण्याचं. नेपल्समध्ये जहाज शहराच्या अगदी कुशीत लागतं. धक्क्याबाहेर पडलं की समोर काळ्या बुरुजांचा किल्ला, कास्तेल नुओवो, आणि जवळच मुनिचिपिओ हे मेट्रो स्टेशन. तिथून मेट्रोने गारिबाल्दी स्टेशनला जाऊन चिर्कुमवेसुवियाना नावाची लोकल पकडायची, गाडी सोरेंतोकडे जाणारी. गाडी सुटते मात्र त्याच्या आधीच्या पोर्ता नोलाना स्टेशनातून. धक्क्यापासून वीस-पंचवीस मिनिटं चालत तिथे गेलात तर बसायला जागा मिळते, कारण गारिबाल्दीला मुंबईच्या लोकलसारखीच झुंबड उडते. पाकीट पुढच्या खिशात ठेवा. हर्क्युलेनियमसाठी "एर्कोलानो स्कावी"ला उतरा, साधारण वीस मिनिटं, आणि तिथून समुद्राच्या दिशेने उताराने दहा मिनिटं चाला. येताना तोच चढ लागतो. पाँपेईसाठी "पोम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी", पस्तीस-चाळीस मिनिटं, दार स्टेशनसमोरच. स्कावी म्हणजे उत्खनन. तो शब्द पाटीवर बघूनच उतरा, कारण नुसत्या पोम्पेई नावाची दुसरीही स्टेशनं आहेत. पाँपेईचं तिकीट घरूनच काढून ठेवा: नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला वीस हजार माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं.

गाड्या उशिरा धावतात, इटलीत संपही होतात. जहाजाच्या टूरची बस अडकली तर जहाज सहसा थांबतं. तुमच्यासाठी थांबणार नाही. शिवाय जहाज सुटायची वेळ आणि जहाजावर हजर व्हायची वेळ यांत अर्ध्या-एक तासाचा फरक असतो. हजर व्हायची वेळच खरी माना, आणि तिच्याही दीड तास आधी नेपल्स शहरात परत या.

याच हिशेबामुळे माझं मत हर्क्युलेनियमकडे झुकतं. साडेआठला बाहेर पडलात तर दहाच्या आत दारात पोचता, अडीच तासांत गाव नीट बघून होतं, आणि दीडपर्यंत नेपल्समध्ये परत. पाँपेईला चार तास दिले तरी निम्मं राहतं आणि दिवस संपतो. उरलेल्या वेळात मेट्रोने म्युझिओ स्टेशनला, पुराणवस्तू संग्रहालयात जा. पाँपेईतली उत्तमोत्तम चित्रं, मोझेक, भांडी तिथेच आणून ठेवली आहेत. हर्क्युलेनियमचा कोळसा झालेला एक पावही आहे, केलेर नावाच्या गुलामाचा शिक्का उमटलेला. थोडक्यात, पाँपेईला न जाताही पाँपेईचं बरंचसं हाती लागतं. संग्रहालय मंगळवारी बंद असतं. जहाज मंगळवारी लागणार असेल तर माझं मत बदलतं, सरळ पाँपेईला जा.

संग्रहालयात मराठी माणसाने चुकवू नये अशी एक मूर्ती आहे. १९३८ मध्ये पाँपेईतल्या एका घरात सापडलेली हस्तिदंती स्त्री, वीतभर उंचीची, "पाँपेईची लक्ष्मी" म्हणून ओळखली जाते. दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिवजवळच्या तेरला मिळाल्या आहेत, आणि ती तिकडचीच असावी असं काही अभ्यासक मानतात. सातवाहनांच्या मुलखातून कल्याण-सोपाऱ्यासारख्या बंदरांवाटे रोमशी व्यापार चालत असे, त्यामुळे हे अशक्य मुळीच नाही. तिच्या हातातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत आहेत. आईने त्या मोजायचा प्रयत्न केला, आणि मी घड्याळ बघत तिला दहा मिनिटं मोजू दिलं.