सलागम

श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील एक सिंहली जात. बालपिटिय, वेलितर, हिक्कडुव या पट्ट्यात तिची दाट वस्ती आहे. पूर्वज दक्षिण भारतातून आले, असे समाजात परंपरेने मानतात. डी सिल्व्हा, डी झोयसा ही आडनावे पोर्तुगीज अमदानीतली. पण शेजारच्या करावा समाजातही ती सापडत असल्याने नुसत्या आडनावावरून जात ठरवणे फसवे ठरते.

दालचिनीची साल काढणे हे काम या जातीवर सक्तीने लादले गेले. डच कंपनीच्या काळात त्यासाठी ‘महाबद्द’ हे स्वतंत्र खाते होते. त्यात सलागमांचेच अंमलदार असत आणि इतर करांतून सूट मिळे. सवलत अशी, तर जाच असा की मुलाचे नाव साल काढणाऱ्यांच्या यादीत लागू नये म्हणून काही आईबाप ते दुसऱ्या जातीत नोंदवत. दालचिनीची सरकारी मक्तेदारी ब्रिटिशांनी १८३३ मध्ये संपवली.

धर्मक्षेत्रातील या समाजाची कामगिरी अधिक दूरगामी आहे. कँडीच्या सियाम निकायात (निकाय म्हणजे भिक्षुसंघाची शाखा) उपसंपदा, म्हणजे पूर्ण भिक्षुदीक्षा, फक्त शेतकरी गोविगम जातीला मिळे. हे न मानता वेलितरचे ज्ञानविमल यांनी ब्रह्मदेशातील अमरपुरात १८०० मध्ये दीक्षा घेतली. १८०३ मध्ये ते परतले आणि अमरपुर निकाय उभा राहिला. पुढे करावा व दुराव या जातींच्या भिक्षूंनाही त्याने वाट मोकळी केली.

राजकारणात सी. पी. डी सिल्व्हा (१९१२–७२) हे ठळक नाव. सनदी नोकरी सोडून आलेल्या या नेत्याचा पाया मात्र किनाऱ्यावरच्या जातबांधवांत नव्हता. पोलोन्नरुव भागातील पाटबंधारे आणि नव्या वसाहतींमुळे तिथले शेतकरी त्यांना ‘मिन्नेरियचे देव’ म्हणत. सप्टेंबर १९५९ मध्ये पंतप्रधान बंडारनायके यांची हत्या झाली तेव्हा ते उपचारांसाठी लंडनमध्ये होते, आणि पंतप्रधानपद दहनायके यांच्याकडे गेले. मार्च १९६० ची निवडणूक श्रीलंका फ्रीडम पार्टीने त्यांच्या नेतृत्वाखाली लढवली; जुलैमध्ये मात्र सिरिमावो बंडारनायके पंतप्रधान झाल्या. यामागे जात किती आणि बंडारनायके घराण्याचे वलय किती, यावर वाद आहे. दुसरे कारण अधिक वजनदार वाटते. डिसेंबर १९६४ मध्ये तेरा सहकाऱ्यांसह ते विरोधी बाकांवर गेले आणि सिरिमावोंचे सरकार एका मताने पडले.

आधुनिक जनगणनेत सिंहली जातींची नोंद होत नाही. उमेदवार ठरवताना पक्ष मात्र जात पाहत आले. १९७८ च्या राज्यघटनेने जिल्हानिहाय प्रमाणशीर प्रतिनिधित्व आणल्यावर बालपिटियसारख्या एकवटलेल्या वस्तीची मते गालच्या जिल्हाभरच्या मतांत मोजली जाऊ लागली.